बांगड्याचा माग : बंदरापासून ताटापर्यंत (प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४)

३ ऑक्टोबर २०२४

आज घटस्थापना. पुढचे नऊ-दहा दिवस बऱ्याच घरांत मासळी शिजणार नाही, बाजारात गर्दी कमी. तयारीला हीच वेळ बरी म्हणून आजपासून वही उघडली.

निमित्त लिहून ठेवते. गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बांगड्याचं तिखलं होतं. जेवून वीस मिनिटं होतात न होतात तोच त्याचा चेहरा आणि मान लालभडक झाली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, अंगभर खाज. त्याच टेबलावर जेवलेल्या आणखी तिघांचं तेच. चौघं चार वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले, चौघांना अ‍ॅलर्जीची गोळी मिळाली आणि रात्रीपर्यंत चौघंही बरे झाले. भावाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, ‘माशांची अ‍ॅलर्जी, मासे कायमचे बंद.’ जो माणूस दात आल्यापासून मासे खातोय त्याला एका दुपारी अ‍ॅलर्जी होते, आणि नेमकी त्याच दुपारी शेजारच्या तिघांनाही होते, हे मला पटेना.

माझा संशय हिस्टामिनवर आहे. बांगडा, तारली, कुपा, काही प्रमाणात सुरमई, या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यातले जीवाणू, विशेषतः मॉर्गनेला मॉर्गनी, मांसात शिरतात आणि त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. उबेला हे काम झपाट्याने होतं. हिस्टामिन तयार झालेला मासा दिसायला ठीक असू शकतो, वासालाही ठीक. आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, फ्रीजरमध्ये ठेवा, ते जात नाही. जीवाणू मरतात, त्यांनी केलेलं मागे राहतं.

भाऊ एक गोष्ट म्हणाला ती आज आठवली. जेवताना जिभेला जरा चुरचुरलं होतं. त्याला वाटलं, तिरफळं जास्त पडली असतील.

७ ऑक्टोबर

दोघी विद्यार्थिनींबरोबर पहिली बैठक. अर्धा तास दोन शब्दांवरच गेला. पुस्तकात दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि आपण दोन्हींना ‘धोका’ म्हणतो. शेवटी असं ठरवलं: हिस्टामिन हा धोका. तो कुणाच्या ताटात, किती वेळा आणि किती प्रमाणात पोचेल, आणि पोचला तर काय करेल, ती जोखीम. धोका माशात असतो, जोखीम माणूस घेतो, किंवा न विचारता त्याच्या गळ्यात पडते. पुढे वहीत हे दोन शब्द याच अर्थाने.

मग मात्रेचा हिशेब. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१२मध्ये एकत्र बसून ठरवलं की निरोगी माणसाला एका जेवणात ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिनने त्रास होऊ नये. एका वेळचा मासा २५० ग्रॅम धरला, म्हणून किलोला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा निघाली. मर्यादा कशी जन्माला येते ते मुलींना फळ्यावर दाखवता आलं याचं समाधान वाटलं. एरवी हे आकडे आकाशातून पडल्यासारखे पाठ केले जातात.

आपल्या ताटाचा हिशेब असा: मध्यम बांगडा १५० ग्रॅमचा. डोकं, काटा, आतडी वगळली तर ८०-९० ग्रॅम मांस. खानावळीच्या थाळीत दोन बांगडे म्हणजे साधारण १७० ग्रॅम. त्या माशात किलोला ३०० मिलिग्रॅम असेल तर ५० मिलिग्रॅम ओलांडले. कॅन्टीनमधल्या चौघांनी प्रत्येकी दोन खाल्ले होते.

१४ ऑक्टोबर

आज फक्त थर्मामीटर. दोन काट्याचे आणले, माशात खुपसता येतील असे. कुटलेला बर्फ स्टीलच्या पेल्यात गच्च भरला, वरून त्याच्या गळ्यापर्यंत गार पाणी, ढवळलं, पाच मिनिटं थांबलो. वितळत्या बर्फाचं तापमान ० अंश, त्यात कुणाचं मत चालत नाही. पहिल्याने ०.२ दाखवलं. दुसऱ्याने १.९. दुसरा परत केला. दुकानदार म्हणाला, दोन अंशांनी काय होतं? या कामात २ आणि ४ अंशांत, ४ आणि ६ अंशांत सगळं होतं. मुलींना सांगितलं, दर वेळी निघण्यापूर्वी पेला भरायचाच.

१६ ऑक्टोबर

पहाटे साडेचारला ससून डॉक. १८७५ सालचं हे बंदर, दगडी कमानीतून आत शिरलं की दिव्यांच्या पिवळ्या उजेडात एकदम शेकडो माणसं. बोटीतून क्रेट वर येतायत, लिलावाच्या हाका चालल्यायत, बायका कमरेला पदर खोचून एकमेकींच्या भागीदारीत माल घेतायत आणि तिथेच वाटे करतायत. आम्ही कोपऱ्यात उभ्या राहिलो तरी कुणाच्या तरी वाटेत येतच होतो.

बांगड्याचे सहा क्रेट तपासू दिले. काटा पाठीच्या जाड मांसात, कण्यापर्यंत. वरच्या थरातले मासे ३ ते ५ अंश. मुठीभर खाली गेलं की ८. दोन क्रेटमध्ये मधोमध १४ आणि १७. वरून पाहिलं तर सहाही क्रेट सारखेच दिसत होते, वर बर्फाचा चुरा, चकचकीत पाठी, निळसर-हिरवी झाक. थोरली विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, १७चा मासा ३च्या माशापेक्षा जास्त ताजा दिसतोय.” खरंच दिसत होता.

इथे ज्यांच्यामुळे पाय रोवता आला त्या मावशींबद्दल. कोळीवाड्यातल्या, तीस-एक वर्षं याच बंदरातून माल घेऊन मध्य मुंबईतल्या एका बाजारात विकतात. त्यांनी थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून आत बोट घातलं आणि म्हणाल्या, “हा क्रेट मधनं गरम हाय.” मी काटा घातला. १७. नंतर आणखी चार क्रेट त्यांनी बोटाने आणि मी काट्याने पाहिले. चुकल्या एकदाच, तेही दोन अंशांनी.

१८ ऑक्टोबर

कायदा वाचून काढला. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६चा, लागू झाला ५ ऑगस्ट २०११ला. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. म्हणजे मावशी नोंदणीत. पण कलम १८च्या तिसऱ्या पोटकलमापाशी थांबले. शेतकरी आणि मच्छीमार यांना, त्यांच्या स्वतःच्या कामापुरता, हा कायदा लागू नाही.

त्यामागचं कारण समजू शकते. छोट्या मच्छीमाराच्या मागे परवान्याचा ससेमिरा लागू नये. पण हिस्टामिनच्या बाबतीत याचा अर्थ असा की कायद्याची नजर जिथे सुरू होते तिथवर मासा मरून बरेच तास उलटलेले असतात. तपासणी पाटीवर होते आणि दंड पाटीवालीला होतो. हे वाक्य अहवालात जाणार, कुणी कितीही गाळा म्हटलं तरी.

२४ ऑक्टोबर

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर लिहिते.

एका तांडेलकाकांनी, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांनी, बटणाएवढी तापमान नोंदणारी यंत्रं बोटीवर न्यायला होकार दिला. चार यंत्रं दिली होती. दर दहा मिनिटांनी एक नोंद. खलाशांना एवढंच सांगितलं होतं की पहिल्या ओढीचा, म्हणजे जाळं पहिल्यांदा ओढल्यावर आलेला, मासा क्रेटमध्ये भरताना एक वर, एक मधे, एक तळाला टाका. चौथं नुसतं डेकवर बांधून ठेवा. आज ती परत आली आणि दुपारी आलेख काढला.

ओढ मोठी लागली होती. जाळं सकाळी दहाच्या सुमारास वर आलं. मासा डेकवर ओतला, निवडायला आणि भरायला तीन तास. डेकवरच्या यंत्राने दुपारी ३८ अंश दाखवले, ऑक्टोबरचं ऊन ते. मग क्रेट बोटीच्या पोटातल्या खणात गेले. थर लावताना मधे बर्फ नाही, सगळा वरून. वरचं यंत्र तासाभरात ४ अंशांवर आलं. तळाचं, वितळलेलं गार पाणी खाली झिरपल्यामुळे, चार तासांत ९वर. मधलं यंत्र २९वरून हललंच नाही म्हणावं इतकं हळू उतरत गेलं आणि संध्याकाळी सातलाही २१वर होतं. जाळं वर येऊन नऊ तास झाले होते.

उष्ण पाण्यातल्या अशा माशांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मार्गदर्शिका सांगते: हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून ६ तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे. कागदावर हा क्रेट तीन तासांतच बर्फात गेला. ‘बर्फ टाकला का?’ असं कुणी विचारलं असतं तर तांडेलकाकांनी प्रामाणिकपणे हो म्हटलं असतं. फक्त तो बर्फ मधल्या माशापर्यंत पोचला नव्हता.

आणखी एक गोष्ट पुस्तकात वाचलेली, आज उलगडली. हिस्टिडिनचं हिस्टामिन करणारं विकर (एन्झाइम) जीवाणूंनी एकदा तयार केलं की नंतर मासा गार केला, जीवाणूंची वाढ थांबली, तरी विकर आपलं काम हळूहळू करत राहतं. त्यामुळे पुढे विक्रेतीने, घरच्या बाईने, कॅन्टीनवाल्याने कितीही जपलं तरी पहिल्या सहा तासांतली चूक भरून निघत नाही.

संध्याकाळी आलेख घेऊन काकांकडे गेले. त्यांनी मधली रेघ बोटाने शेवटपर्यंत चाचपली. मग बर्फाचा हिशेब मांडला. १ किलो मासा २९ अंशांवरून ० अंशांवर आणायला सुमारे २३ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. म्हणजे नुसतं गार करायला किलोला ३०० ग्रॅम बर्फ पुरे. बाकीचा लागतो तो खणाच्या भिंतीतून आणि उघड्या झाकणातून येणाऱ्या उष्णतेला तोंड द्यायला, म्हणून आपल्या हवेत किलोला किलो म्हणतात. काका म्हणाले, “ताई, बर्फ परवडतो. जागा परवडत नाही. किलोला किलो बर्फ नेला तर अर्ध्या खणात मासा आणि अर्ध्या खणात पाणी घेऊन येऊ.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ३०० ग्रॅमच्या आकड्यावर ते बराच वेळ अडून राहिले. तेवढा बर्फ थराथरात, भरतानाच घातला तर? बाकीचा वरून. “करून बघू,” म्हणाले.

२५ ऑक्टोबर

कालच्या नोंदीला जोड. हॅसेप ही अन्न सुरक्षित ठेवण्याची पद्धत १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी नासा आणि पिल्सबरी कंपनीने मिळून घडवली. शेवटी तयार माल तपासून काही साधत नाही, बिघाड जिथे होतो त्या टप्प्यावरच नजर ठेवा, हा तिचा गाभा. बांगड्याचा तो कळीचा टप्पा आम्हाला सापडलाय: डेक ते खण.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर भावाने विचारलं, “ताई, तुझ्या त्या बांगड्याचं काय झालं?” त्याला अजून कुणी मासे देत नाही. आईने घरात सोडेदेखील वापरणं बंद केलंय, वाफेनेही होईल म्हणून. एका कागदावरच्या एका ओळीने घरातलं स्वयंपाकघर बदलतं.

६ नोव्हेंबर

बाजारात सकाळी सात ते दुपारी दोन. मावशींच्या ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले.

जाण्याआधी मनात योजना पक्की होती: सगळा मासा बंद पेटीत, बर्फात. दहा मिनिटांत ती गळाली. गिऱ्हाईक येतं, मासा हातात घेतं, कल्ला उघडतं, डोळा बघतं, पोट दाबतं. झाकलेल्या पेटीतला मासा कुणी विचारतसुद्धा नाही, उलट ‘शिळा म्हणून झाकून ठेवलाय’ म्हणतात. आणि ते चुकीचं म्हणत नाहीत, बघून घेणं हीच तर त्यांची तपासणी.

मावशींची स्वतःची रीत अशी: ओट्यावर एका वेळी पंधरा-वीस बांगडे, खाली बर्फाचा पातळ थर, वर ओलं फडकं. बाकीचे पायाशी थर्माकोलच्या पेटीत. ओट्यावरचे संपले की पेटीतले वर. मोजलं तर पेटीतले २ ते ४ अंश, ओट्यावरचे अकराच्या सुमारास ९. शेजारच्या ओट्यावर, जिथे सगळा माल एकदम मांडला होता, साडेअकराला २३. फरक बर्फाच्या खर्चाचा नव्हताच, दोघींनी एकाच गाडीवरून सारखीच लादी घेतली होती. फरक मांडणीचा होता. आमच्या आराखड्यात मी ‘मावशींची मांडणी’ असंच नाव दिलंय.

एक बारीक गोष्ट. पेटीच्या तळाला त्यांनी पेन्सिल जाईल एवढं भोक पाडून ठेवलंय. वितळलेलं पाणी तुंबलं की रक्त, चिकटा त्यातच राहतो आणि खालचे मासे त्यात भिजतात. “पानी साचलं की म्हावरं नासलं,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

दर दुसरं गिऱ्हाईक आम्हाला पाहून फॉर्मेलिनबद्दल विचारत होतं. २०१८मध्ये गोवा आणि केरळमध्ये फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, तेव्हापासून ती भीती लोकांच्या मनात बसलीय. फॉर्मेलिन मिसळणं गुन्हाच आहे आणि कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी झटपट चाचणीच्या पट्ट्याही काढल्यात. पण गंमत नव्हे, गुंता असा की बोंबलासारख्या माशात मेल्यानंतर फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं. नुसती पट्टी रंगली म्हणून कोळणीला गुन्हेगार ठरवता येत नाही. बारा वाजेपर्यंत सतरा जणांनी फॉर्मेलिन विचारलं. हे गार आहे का, असं कुणीही विचारलं नाही.

७ नोव्हेंबर

काल दुपारी दोननंतरचं राहिलं होतं. उरलेला मासा कुठे जातो ते पाहिलं. काही बर्फात परत, उद्यासाठी. काही बाजार आवरताना ठोकून विकला जातो, घेणारे बहुधा खानावळवाले आणि कॅन्टीनचे ठेकेदार. मावशी आपला माल असा देत नाहीत, पण देणाऱ्यांना दोषही देत नाहीत. “उरला तर घरचं काय खातील?”

भावाच्या कॅन्टीनच्या आचाऱ्याशी आज बोलले. साधा, घाबरलेला मुलगा. त्या दिवशीचे बांगडे आदल्या संध्याकाळी आले होते. फ्रीज दुधाने आणि भाज्यांनी भरलेला, म्हणून रात्री घमेल्यात पाणी घालून ठेवले, सकाळी साफ करून हळद-मीठ लावलं. कल्ले आणि आतडी रात्रभर आतच. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चांगलं शिजवलं की काही होत नाही, हेच तो शिकला होता, आणि बाकीच्या बहुतेक जंतूंबाबत ते खरंही आहे.

१४ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचे निकाल. बाजार आवरतानाचा एक लॉट घेतला होता, नऊ मासे. युरोपात हीच पद्धत आहे: नऊ नमुने, सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, दोनच १०० ते २००च्या दरम्यान चालतात, २००च्या वर एकही नाही. आमच्या नऊपैकी सात मासे मर्यादेच्या खूप खाली. एक १००च्या वर. एक २०० ओलांडून गेलेला.

नवव्या माशाच्या जागी दुसरा उचलला असता तर हा लॉट उत्तम ठरला असता. म्हणून एका माशाच्या चाचणीवर विसंबून ‘सुरक्षित’ म्हणणं फसवं आहे. हिस्टामिन एका क्रेटमध्ये सारखं पसरत नाही, एका माशातही नाही. पोटाजवळच्या भागात जास्त, शेपटीकडे कमी. नमुना कापताना धाकटीने चुकून शेपटीकडचा तुकडा घेतला होता, तो फेकून पुन्हा केलं.

२० नोव्हेंबर

मतदान. काम बंद.

२६ नोव्हेंबर

भावाला ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांकडे नाही, ओळखीच्या एका फिजिशियनकडे गेले, जोखीम कुणाला जास्त हे विचारायला. त्यांनी एक असं बोट ठेवलं की परतीच्या लोकलमध्ये तेच डोक्यात होतं.

आयसोनियाझिड. क्षयरोगाच्या उपचारातलं जुनं, रोजचं औषध. शरीरात हिस्टामिन मोडणारं जे विकर असतं, त्याला हे औषध अडवतं. म्हणजे ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याला थोड्या हिस्टामिननेही, मर्यादेच्या आतल्या माशानेही, त्रास होऊ शकतो. ५० मिलिग्रॅमचा आकडा निरोगी माणसाचा आहे. मुंबईत क्षयाच्या गोळ्या घेणारे किती घरांत आहेत ते या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. आणि अशक्तपणा भरून यावा म्हणून त्यांनाच आपण मासे खा म्हणतो. खावेतच. पापलेट, बोंबील यांत हिस्टिडिन कमी. बांगडा, तारली, कुपा यांच्या बाबतीत मात्र गार साखळीची खात्री असेल तरच, आणि अंग लाल झालं तर ‘गोळ्या सोसत नाहीत’ असं समजून उपचार सोडायचे नाहीत. हे शेवटचं आमच्या पत्रकात सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत छापायचं.

डॉक्टरांना आमचीही एक विनंती मान्य झाली: मासे खाऊन चेहरा लाल झालेला रुग्ण आला की अ‍ॅलर्जी लिहिण्याआधी विचारा, बरोबर जेवलेल्या आणखी कुणाला झालं का, आणि मासा कोणता होता.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, बाजार ओस, म्हणून कोळीवाड्यात बैठक जमली. पंचवीस-तीस बायका, चार तांडेल. मी फळा नेला होता, तो उघडला नाही. फक्त २४ ऑक्टोबरचा आलेख मोठा छापून भिंतीला लावला आणि काकांनीच समजावला.

पहिला प्रश्न रागाचा होता, आणि रास्त. “म्हणजे आता आमच्याच मासळीला विषारी म्हणनार का? एक बातमी आली की महिनाभर धंदा बसतो.” मी सांगितलं, नाव कुणाचं जाणार नाही, अहवाल आधी त्यांच्यासमोर वाचला जाईल. तो शब्द पाळायचाय.

ठरलं ते असं. तांडेल भरतानाच थराथरात बर्फ घालतील. पहिल्या ओढीच्या क्रेटला लाल सुतळी, नंतरच्यांना काही नाही. लाल सुतळीचा माल लिलावात आधी निघेल आणि त्याच दिवशी संपवायचा, रात्र काढायला ठेवायचा नाही. सुतळीची कल्पना मागच्या ओळीतल्या एका आजींची. आमच्याकडे त्यासाठी छापील लेबलं, शाई, तारखेचा शिक्का असं बरंच काही होतं. ओल्या क्रेटवर त्यातलं काहीही दोन तास टिकलं नसतं.

बर्फाचा प्रश्नही आला. २०१८पासून राज्यात अखाद्य बर्फ निळा करायचा नियम आहे, सरबत-गोळ्यात तो जाऊ नये म्हणून. बायकांचं म्हणणं, निळा असो पांढरा असो, लादी कसल्या पाण्याची ते आम्हाला कोण सांगणार? बर्फाच्या पाण्याची तपासणी आमच्या आराखड्यात नव्हती. घातली.

१३ डिसेंबर

थराथरातल्या बर्फाची पहिली फेरी परत आली. मधलं यंत्र भरल्यापासून अडीच तासांत ६वर, चार तासांत ३वर. काकांनी एकूण बर्फ फारसा वाढवला नव्हता, जागा बदलली होती. डेकवरच्या तीन तासांचं मात्र अजून फारसं काही झालेलं नाही. ओली गोणपाटं टाकून आणि आधी बांगडा निवडून ते सव्वादोन तासांवर आलं. मोठी ओढ लागली की माणसं तेवढीच, हात तेवढेच. पुढच्या फेरीत दोन खलाशी फक्त भरायला लावून बघणार.

एक फेरी म्हणजे पुरावा नव्हे, हे दोघी मुलींना सांगितलं, आणि तरी तिघी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसलो.

१७ डिसेंबर

भाऊ अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांकडे जाऊन आला. चौघांची हकीकत आणि आचाऱ्याने सांगितलेलं सगळं लिहून दिलं होतं. त्वचेची चाचणी झाली, बांगड्याला काही प्रतिक्रिया नाही. जुन्या कागदावरची ओळ त्यांनी खोडून सही केली. आईने फोनवर पहिलं काय विचारलं असेल? “मग उद्या सोडे घालू का वांग्यात?”

कॅन्टीनच्या आचाऱ्याने फ्रीजचा खालचा कप्पा मासळीसाठी रिकामा केलाय. मासा आला की आधी कल्ले-आतडी काढायची, मग बर्फावर. ठेकेदाराला त्याने सांगून टाकलंय, संध्याकाळचा बांगडा आणू नका, नाहीतर मी त्या दिवशी डाळ करीन.

१९ डिसेंबर

आज पुन्हा मार्गशीर्ष गुरुवार, बाजारात तुरळक माणसं. अहवालाचा पहिला मसुदा मावशींना वाचून दाखवला. दोन ठिकाणी थांबवलं. ‘विक्रेत्यांमधील अज्ञान’ हा शब्दप्रयोग धाकटीच्या हातून गेला होता, तो काढायला लावला. आणि ‘मावशींची मांडणी’मध्ये ती रीत त्यांच्या सासूची आहे हे घालायला सांगितलं.

निघताना म्हणाल्या, तो काटा ठेवून जाशील का? पहाटे लिलावाला नेते. परवा एका क्रेटला त्या गरम म्हणाल्या तर विकणारा ऐकेना, म्हणाला तुझ्या बोटाला काय कळतं.

ओट्यावरचा बर्फ पेल्यात घेतला, पाणी ओतलं, ढवळून काटा धरला. पाच मिनिटं दोघी बघत होतो. ०.२. तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पदराला पुसला, पायाशी ठेवलेल्या पेटीतल्या सुरमईच्या पाठीत घातला, आकडा स्थिरावेपर्यंत थांबल्या. २.६. मग शेजारणीला हाक मारली, “गो, तुझी टोपली आण इकडं.”